इनामगावचा हुलगा आणि बांधावरची बोर

शिरूर तालुक्यातलं इनामगाव, घोडनदीचा उजवा काठ. तुम्ही इसवी सनापूर्वी 1200च्या सुमाराला इथे येऊन पोहोचला आहात. पावसाळा सरलाय. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींची चौकोनी घरं समोर आहेत. पुराला आवर घालायला दगडमातीचा बांध घातलाय, पलीकडून पाट काढलाय. सातूची पेरणी व्हायची आहे. हुलगा मात्र फुलावर आलाय.

एक वेल मुळासकट उपटा. हिसका देऊ नका, खालची माती हाताने मोकळी करून अलगद काढा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने चिरा. आतून ती गुलाबी आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलंच एक प्रथिन हा रंग देतं. गाठीत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, पण ज्या विकराने धरतात ते ऑक्सिजन लागला की निकामी होतं. म्हणून हे प्रथिन ऑक्सिजनला बांधून ठेवतं आणि जिवाणूंच्या श्वासापुरताच सोडतं.

इथल्या शेतकऱ्याला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. मसूर, वाटाणा, लाख, वाल ही त्याच्या घरची पिकं. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं, तेव्हा त्यांचे जळके दाणे मातीत सापडले. सापडली ती बोरंही.

आता तुमच्या बाजूच्या बोरीकडे वळा. तिच्या बुंध्याशी खणा, मुळं धुऊन पाहा. एकही गाठ नाही. आणि तरी बोरीच्या कुळातली सीॲनोथस नावाची झुडपं उत्तर अमेरिकेत गाठी धरतात. त्यांच्या गाठींत फ्रँकिया नावाचे वेगळेच जिवाणू राहतात. आपल्याकडच्या सुरूच्या मुळांतही तेच असतात. मग एका भावकीत कुणाला ही विद्या आणि कुणाला नाही, असं का?

उत्तरासाठी खूप मागे जावं लागेल. पायाखालचा काळा पाषाण वितळतो, कारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच परत मागे गेला. आणखी मागे, सुमारे 10 कोटी वर्षांपर्यंत. हा भूभाग आता विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आशियाशी जोडलेला नाही. जगाच्या पाठीवर कुठेतरी एक सपुष्प वनस्पती आहे. कडधान्यं, बोर-वड-पिंपळाचा गण, सुरूचा गण आणि भोपळ्या-काकडीचा गण, या साऱ्यांची ती पूर्वज. आज अनेक संशोधकांचं मत असं की गाठी धरण्याचं कसब तिच्या वंशात एकदाच आलं आणि पुढे बहुतेक फांद्यांनी ते गमावलं.

हे मत कशावर उभं आहे, ते पाहायला 1999 सालात उतरा. लोटस जॅपोनिकस या छोट्या शेंगवर्गीय रोपात ‘निन’ नावाचं जनुक सापडलंय. ते बिघडलं की गाठ सुरूच होत नाही. त्याची भाऊबंद जनुकं मातीतल्या नायट्रेटची खबर घेणारी. पुढे 2019मध्ये आणखी एक गोष्ट कळते: बाजूची मुळं फुटण्याची जी जुनी यंत्रणा प्रत्येक झाडात असते, तीच हे जनुक गाठ घडवायला वापरतं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण अवयव नवा असला तरी कारागिरी झाडाला आधीपासून येत होती.

मधलं 2018. ‘सायन्स’मध्ये 37 वनस्पतींच्या जीनोमची तुलना छापून येते. याच गोतावळ्यातल्या, पण गाठी न धरणाऱ्या 13 वनस्पतींपैकी 10 जणींत निन मोडलेलं किंवा नाहीसं झालेलं.

का सोडली असेल ही विद्या? मला पटतं ते खर्चाचं कारण. नायट्रोजनच्या एका रेणूमागे ऊर्जेची किमान 16 एटीपी चलनं जातात, आणि ती सारी पानांनी कमावलेल्या साखरेतून येतात. जमिनीत आयता नायट्रोजन असेल तर शेंगवर्गीय पीक आजही गाठी आखडतं.

आता शिरूर-दौंडच्या आजच्या रानात या. ऊस, कांदा, डाळिंब. युरियाच्या गोणीत 46 टक्के नायट्रोजन. चिंचेच्या शेंगा बघून तिला बाभळीसारखी समजू नका. चिंच गाठी धरत नाही, बाभूळ धरते, शेवरीही धरते. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’ हे इथले जुने शेतकरी सांगतात, ते या गाठींच्या कमाईवरच. उसामागून ऊस घेणाऱ्या वावरात तो बेवड उरत नाही.

बोरीचं हरवलेलं कसब परत मिळवणं हे प्रयोगशाळांचं काम, आणि तिथे अजून बरीच वाट चालायची आहे. तुमचं काम याच रब्बीत होण्यासारखं आहे. हरभरा फुलावर आला की वावराच्या चार ठिकाणची चार झाडं उपटा, गाठी चिरून पाहा. गुलाबी निघाल्या तर त्या पिकाला वरून युरिया टाकू नका. पांढऱ्या निघाल्या किंवा निघाल्याच नाहीत, तर पुढच्या पेरणीला बियाण्याला रायझोबियम, म्हणजे या गाठींत राहणारे जिवाणू, चोळा.