मार्सेल : बेताच्या खर्चात भूमध्य समुद्राकाठी

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेल हे बंदर मराठी वाचकांना ‘मार्सेलिस’ या नावाने परिचित आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांनी ‘मोरिया’ जहाजातून समुद्रात उडी घेतली, ती येथेच. ग्रीक वसाहतकारांनी इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास वसवलेले हे शहर शेजारच्या नीस किंवा कानच्या मानाने खिशाला परवडणारे आहे.

भारतीय पर्यटकाचा मोठा खर्च मात्र घर सोडण्यापूर्वीच होतो. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमाही बंधनकारक आहे. त्यामुळे व्हिसा हाती येण्यापूर्वी रद्द न होणारी तिकिटे वा खोल्या आरक्षित करणे म्हणजे दुहेरी नुकसानीची जोखीम पत्करणे होय. पॅरिसहून वेगवान रेल्वेने सुमारे सव्वातीन तास लागतात. तिकीट जितके आधी घ्यावे, तितके सहसा स्वस्त पडते.

शहरात पोहोचल्यावर बहुतांश गोष्टी फुकट आहेत. जुने बंदर, ‘ल पानिए’ या जुन्या वस्तीतील चढउताराच्या गल्ल्या आणि टेकडीवरील नोत्र-दाम द ला गार्द चर्च यांना प्रवेशशुल्क नाही. महापालिकेच्या संग्रहालयांतील कायमस्वरूपी दालनेही विनामूल्य पाहता येतात. २०१३ मध्ये उघडलेल्या ‘म्युसेम’ संग्रहालयातील प्रदर्शनांना तिकीट असले, तरी त्याची गच्ची आणि पुलाने जोडलेला सेंट जॉं किल्ला सर्वांना खुला आहे. समुद्राचे सर्वांत देखणे दृश्य तेथूनच दिसते, हे विशेष.

‘बुयाबेस’ हा माशांचा प्रसिद्ध रस्सा एकेकाळी कोळ्यांचे, न विकल्या गेलेल्या मासळीचे जेवण होते; आज तो चैनीचा पदार्थ झाला आहे. बेताच्या पैशांत जेवायचे तर नोआय भागातील बाजार गाठावा. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या ‘पानिस’ चकत्या शाकाहारींच्याही कामी येतात.

शहराला लागून असलेल्या ‘कालांक’ या चुनखडीच्या कड्यांमधील निळ्या खाड्यांपर्यंत पायी जाता येते. मात्र १ जून ते ३० सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्यानुसार वाटा बंद ठेवल्या जातात, तर ऐन उन्हाळ्यात सुजितों खाडीसाठी दिवसाला ४०० जणांनाच प्रवेश असतो. आरक्षण मोफत, पण आगाऊ करावे लागते. हे टाळायचे असल्यास मे महिना सोयीचा; पाणी तेव्हा थंड असते.

माझार्ग भागात पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये भारतीय तुकड्या याच बंदरात उतरल्या होत्या. तेथेही प्रवेश विनामूल्य आहे.