यंत्र आणि मजुरीचा दर

कृत्रिम बुद्धिमत्तेने किती नोकऱ्या जातील, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले संगणकाच्या कचेऱ्यांतून कामाला आहेत. तेव्हा त्यात नवल नाही. परंतु इतिहास चाळू लागलो की आम्हांला वाटते, प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जात आहे. नोकरी जाण्याच्या पुष्कळ आधी कामाचा दर जातो. इंग्लंडातील लँकेशायरच्या हातमाग विणकरांची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट १७८५ साली घेतले. परंतु तो माग बरीच वर्षे नीट चालेना. सूतकताईची यंत्रे मात्र आधीच आली होती. सूत स्वस्त व मुबलक झाले आणि ते विणायला माणसे पुरेनात. म्हणजे यंत्राने प्रथम हातमागवाल्याची चंगळच केली! साधे कापड विणणे शिकायला सोपे, माग घरात, बायकामुले हाताशी. जो तो मागावर बसला. पुढे यंत्रमाग सुधारला. १८१३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये असे माग दोन-अडीच हजार होते. १८३३ पर्यंत ते लाखाच्या घरात गेले. आणि हातमागवाले? १८२० च्या सुमारास ते दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास होते, आणि दहा वर्षांनीही ती संख्या फारशी हलली नव्हती. नुसती डोकी मोजणारा म्हणाला असता, सारे ठीक आहे. घरात मात्र ताग्यामागची मजुरी वर्षानुवर्षे उतरत होती. तूट भरून काढण्यासाठी विणकर रात्री अधिक विणी. अधिक विणले की बाजारात माल साचून दर आणखी उतरे. गिरणीत जावे, तर तिथे मालकाला बहुधा बायका आणि पोरे हवी असत. १८०८ साली विणकरांनी किमान मजुरीचा कायदा मागितला, तो पार्लमेंटने नाकारला. १८३५ साली पुन्हा तेच. १८६० पर्यंत हा वर्ग जवळजवळ नाहीसा झाला.

कापड स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर सदरा आला, हे खरेच. विणकराच्या नातवाला त्याचा लाभही झाला असेल, विणकराला नाही.

डेव्हिड रिकार्डो हा काही मजुरांचा कैवारी नव्हे. शेअरबाजारात पैसा मिळवलेला अर्थशास्त्रज्ञ. यंत्रे सर्वांच्याच हिताची, असे तो आधी मानी. १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने यंत्रांवर नवे प्रकरण घातले, आणि मजुरांची भीती केवळ अज्ञानाची नाही असे कबूल केले. पंडिताने जाहीरपणे मत बदलावे, हे तसे दुर्मिळच!

आपल्या मुंबईत १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. दोन माग पाहणाऱ्याने यापुढे तीन पाहावेत, हे त्या संपाच्या कारणांपैकी एक. तिथेही खरा वाद, वाचलेल्या मजुरीत कामगाराचा वाटा किती, हाच होता.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. आता कित्येक भाषांतरकारांकडे मूळ मजकुराबरोबर यंत्राने केलेला मसुदाच येतो. तो तपासून द्यायचा, आणि तपासणीचा दर भाषांतराच्या दराहून कमी. गणतीत तो माणूस अजून भाषांतरकारच आहे. महिनाअखेर घरी काय आणतो, ते त्याच्या घरच्यांना विचारावे.