हत्तीरोग: लघवीच्या तपासणीतून काय कळतं?

नागपूरसह पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या सर्वेक्षणासाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरी येतात. या रोगाच्या जंतांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात प्रामुख्याने रात्री १० ते २ च्या सुमारास सापडतात. पण झोपलेल्या मुलाला उठवून बोटाला सुई टोचायला कोणते आईवडील खुशीने तयार होतील?

लघवीचा नमुना दिवसा, सुईशिवाय मिळतो. जंत दीर्घकाळ शरीरात राहिले की रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध आयजीजी४ प्रकारच्या अँटीबॉडी मोठ्या प्रमाणात तयार करते. त्यांचा अगदी थोडा अंश लघवीत उतरतो आणि एलायझा चाचणीत तो ओळखता येतो. इतोह या जपानी संशोधकाच्या गटाने २००१ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. नागपूरजवळच्या सेवाग्राममध्ये त्याआधीच, १९८० च्या दशकात, प्रा. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने लघवीत उतरणाऱ्या जंतांच्या घटकांचा, म्हणजे अँटीजेनचा, निदानासाठी अभ्यास केला होता.

अडचण अशी की जंत मेल्यावरही अँटीबॉडी काही काळ टिकतात. त्यामुळे मोठ्या माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी संसर्ग आताचा की जुना, हे सांगता येत नाही. मुलांचं तसं नाही. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल अशी तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम झाली. त्यानंतर जन्मलेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या लघवीत या अँटीबॉडी सापडल्या, तर डासांमार्फत प्रसार अजून थांबलेला नाही असा संशय घ्यायला जागा आहे.

तरी ही पद्धत मुख्यतः संशोधनापुरतीच राहिली आहे. एलायझाला प्रयोगशाळा लागते, तर बोटातल्या थेंबभर रक्तावर होणारी झटपट अँटीजेन चाचणी गावातच, दिवसाही करता येते.