स्टेल्थ लढाऊ विमानांवरील बाह्य भार

रडारला कमीत कमी दिसावे अशा बेताने घडवलेल्या लढाऊ विमानाच्या पंखांखाली किंवा पोटाखाली टांगलेल्या इंधनटाक्या, बॉम्ब, क्षेपणास्त्रे व तोफेचे पॉड. एरवी अशा विमानाचे इंधन धडात व पंखांत असते आणि शस्त्रे पोटातल्या दारबंद कप्प्यांत. अमेरिकेच्या एफ-११७ने तर बाहेर कधीच काही टांगले नाही. दोन बॉम्ब पोटात, एवढाच त्याचा संसार.

टांगलेली वस्तू नडते ती तिच्या आकारापेक्षा सांध्यांमुळे. टाकी पंखाला ज्या खांबाने जोडतात तो पायलन. पायलन आणि पंख यांच्यात जवळजवळ काटकोन होतो. कॅरमची सोंगटी कोपऱ्यात दोन कडांना लागून आली त्याच दिशेला परतते, तसे रडारच्या लहरींचे तिथे होते. मात्र एक गणित विमानाच्या बाजूने आहे : रडारचा पल्ला परावर्तनक्षेत्राच्या, म्हणजे विमान किती लहरी परत फेकते त्या मापाच्या, चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. परावर्तन सोळापट झाले, तर विमान दुप्पट अंतरावरून दिसते, सोळापट नव्हे. तरीही शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या टापूत दुप्पट अंतर म्हणजे जिवाशी खेळ. त्यात हवेचा अवरोधही वाढतो, म्हणजे टाकीतले काही इंधन टाकी वाहण्यातच जळते.

एफ-२२च्या पंखांखाली भार टांगण्याच्या चार जागा आहेत. लांबच्या उड्डाणांसाठी तिथे प्रत्येकी ६०० गॅलनच्या, म्हणजे सुमारे २,२७० लिटरच्या टाक्या बसतात. लढाईची वेळ आली की टाकी सोडून देता येते, आणि तिच्यासोबत पायलनही. हा तपशील दिसतो किरकोळ, पण सगळी मेख त्यातच आहे : नुसती टाकी पडली आणि पायलन राहिला, तर तो काटकोन जागच्या जागी राहील. अलास्काजवळ रशियन बॉम्बरना अडवायला गेलेली एफ-२२ विमाने छायाचित्रांत टाक्यांसह दिसतात. तिथे लपायचे नसते, आपण आलो आहोत हे दाखवायचेच असते. शांततेच्या काळात तर स्टेल्थ विमानांवर लुनेबर्ग भिंग नावाचा छोटा परावर्तक मुद्दाम बसवतात. नागरी रडारला विमान दिसते आणि रडारवरचा त्याचा खरा ठसा परक्यांना कळत नाही.

एफ-३५साठीही बाह्य टाक्यांचा विचार विकासकाळात झाला होता, पण अमेरिकी सेवेत त्या आल्या नाहीत. एफ-३५एच्या पोटातच सुमारे ८,३०० किलो इंधन मावते. शस्त्रांचे तसे नाही. कप्प्यांत जेमतेम २,६०० किलो भार बसतो, बाहेरचा धरला तर एकूण ८,००० किलोच्या वर जातो. या भरगच्च रूपाला ‘बीस्ट मोड’ म्हणतात. युद्धाच्या पहिल्या दिवसांत आतल्या शस्त्रांनी शत्रूची रडारे व क्षेपणास्त्रतळ निकामी करायचे, मग लपण्याची गरज सरली की पंख भरून निघायचे, हा त्यामागचा हिशेब. उभ्याने उतरणाऱ्या एफ-३५बीमध्ये उचलपंख्याने जागा खाल्ल्यामुळे कप्पे लहान झाले आणि तोफ पोटाखालच्या पॉडमध्ये गेली. त्या पॉडलाही लहरी उगमाकडे परतू नयेत असा कोनदार आकार द्यावा लागला.

कप्प्याच्या मापाने शस्त्रेही बदलली. एफ-२२च्या पोटात सहा मावावीत म्हणून एआयएम-१२०सी क्षेपणास्त्राचे पर छाटले गेले. नॉर्वेचे जेएसएम जहाजभेदी क्षेपणास्त्र तर एफ-३५एच्या कप्प्याच्या मापानेच बेतले आहे.

चीनचे जे-२० पंखांखाली चार टाक्या घेऊन उडताना दिसले आहे. रशियाच्या सुखोई-५७लाही आतल्या कप्प्यांखेरीज बाह्य जागा आहेत. भारताच्या ‘ॲम्का’ या नियोजित स्टेल्थ लढाऊ विमानाच्या आराखड्यात आत सुमारे १,५०० किलो आणि बाहेर सुमारे ५,५०० किलो भाराची तरतूद आहे. या प्रकल्पाच्या विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने मार्च २०२४मध्ये मंजुरी दिली.