धुळीच्या भरवशावर

भारताला आम्लवर्षेची चिंता नाही. आपली धूळ आम्ल मारते आणि आपल्या कोळशात गंधकही कमी. औष्णिक वीजकेंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा नको म्हणणाऱ्यांचा हा आवडता युक्तिवाद. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ७८ टक्के संचांना या यंत्रणेतून सूट दिली, तेव्हाही त्यातला कोळशाचा भाग पुष्कळ ऐकू आला.

त्यात खरं आहे ते आधी मान्य करू. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की बारीक बुडबुडे येतात आणि तेवढ्या जागेची चकाकी जाते. शहाबादी म्हणजे चुनखडीच. आम्ल तिच्यावर विझतं. उत्तर भारतात चुनायुक्त धूळ पावसाला असंच निववते. स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूसुद्धा कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतो. धुळीच्या मुलखात तो त्याहून वर आढळतो.

पण सामू म्हणजे जमाखर्चानंतरची शिल्लक. गंधक किती आलं, हे तो सांगत नाही. धुराड्यातल्या सल्फर डायऑक्साइडची ढगाच्या थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की त्याचं झपाट्याने सल्फ्युरिक आम्ल होतं. ते निवलं तरी सल्फेट नाहीसं होत नाही, त्याचा क्षार होतो. अमोनियाने निववलं तर अमोनियम सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते थेट फुफ्फुसात उतरतात. तेच मातीत पोचले की जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल पुन्हा सुटतं. ढगात मिटलेलं भांडण शेतात उकरलं जातं.

शिवाय धूळ सगळीकडे धावून येत नाही. कोकणातल्या जांभ्यावर लिंबू पिळून पाहा, एक बुडबुडा यायचा नाही. त्यातला चुना युगानुयुगांच्या पावसाने कधीच धुऊन नेला. पहिल्या सरींनी हवेतली धूळही खाली बसते; धुराडी मात्र चालूच असतात. पुणे, नागपूर धरून देशातल्या दहा केंद्रांवर १९८७ ते २०२१ या काळात पावसाचं पाणी तपासलं गेलं; बहुतेक ठिकाणी सामू उतरत गेला आहे.

राहिला कोळसा. अर्धा टक्का गंधक म्हणजे टनामागे पाच किलो. जळल्यावर वजनाने दुप्पट, दहा किलो सल्फर डायऑक्साइड. त्यात आपला कोळसा राखेने भरलेला, तेवढ्याच विजेसाठी जास्त जाळावा लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-नोंदींनुसार, २००७ पासून चीनचं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटलं आणि आपलं ५० टक्क्यांनी वाढलं. कमी गंधकाचा दिलासा तिथेच संपतो.

इलाज नवा नाही. चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून धुरावर फवारली की गंधक जिप्सम होऊन हाती येतं. शहाबादी फरशीवरचीच ही क्रिया, फक्त ती आपल्या छातीत आणि शेतात होण्याआधी धुराड्यापाशी करायची. खर्च मोठा आहे, हे खरं. पण यंत्रणा न बसवल्याने तो टळत नाही, दुसऱ्याच्या अंगावर जातो. चिकूच्या बागांच्या डहाणूत लोकांनी हे ओळखलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये तिथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष झाले आणि प्राधिकरणाने यंत्रणेचा आग्रह सोडला नाही. तिथल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्रात धूर समुद्राच्या पाण्याने धुणारी यंत्रणा २००७ साली सुरू झाली. कोळसा जाळूनच.