दीर्घायुष्याच्या जपानी सवयी

जपानी लोकांच्या दीर्घ व निरोगी आयुष्याशी ज्यांचा संबंध जोडला जातो अशा आहार, व्यायाम, स्नान व सामाजिक वावर यांविषयीच्या प्रथा. यांतील काही शतकानुशतके चालत आलेल्या आहेत. काही ‘प्राचीन’ म्हणून जगभर खपत असल्या, तरी विसाव्या शतकात सरकारी खात्यांनी वा कंपन्यांनी सुरू केलेल्या आहेत. १९४७ मध्ये जपानी पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५० वर्षे व स्त्रीचे ५४ वर्षे होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे ८१ व ८७ वर्षांवर गेले. शंभरी गाठलेले लोक १९६३ मध्ये १५३ होते, तर २०२४ मध्ये ९५,११९. शंभरीनिमित्त सरकार साके या मद्याचा चांदीचा पेला भेट देते. मानकरी इतके वाढले की २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा देतात. मात्र जुन्या सवयी १९४७ पूर्वीही होत्याच. तेव्हा या वाढीतला मोठा वाटा क्षयरोगाला बसलेला आळा आणि १९६१ पासून सर्वांना लागू झालेला आरोग्यविमा यांच्याकडे जातो.

आहार : पारंपरिक जेवण म्हणजे भात, लोणचे, एक सूप आणि तीन पदार्थ. प्रत्येक पदार्थ वेगळ्या लहान वाटीत येतो. मासे, सोयाबीनचे पदार्थ, समुद्री शेवाळ व भाज्या यांवर भर असतो. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली आणि मांसाहाराविषयीचा संकोच पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. पोट दहातले आठ भाग भरले की थांबावे, हा ‘हारा हाची बू’ नियम जपानच्या ओकिनावा प्रांतात आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतो. मिताहार आणि जेवणानंतर थोडे चालणे यांचा पुरस्कार काइबारा एक्केन या पंडिताने १७१३ च्या ‘योजोकुन’ या ग्रंथात केला. तेव्हा त्याने स्वतः ऐंशी ओलांडली होती.

ओकिनावाचे जुने ताट उर्वरित जपानच्या ताटाहून निराळे होते. तेथे भात चैनीचा. रोजचे अन्न रताळे. १६०५ च्या सुमारास चीनमधून आलेले हे कंद वादळी हवेतही तग धरत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथील लोकांना निम्म्याहून अधिक उष्मांक रताळ्यांतूनच मिळत. ज्याला आज दीर्घायुष्याचा आहार म्हणून मिरवतात, तो मुळात गरिबीचा आहार होता.

मिठाचा प्रश्न : जपानी आहाराची ही काळी बाजू परंपरेच्या गौरवात सहसा वगळली जाते. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारा लगदा), सोया सॉस, खारवलेले मासे व लोणची यांमुळे रक्तदाब वाढे. १९५१ ते १९८० या काळात पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण होते. समुद्रापासून दूर असलेल्या डोंगराळ नागानो प्रांतात हिवाळ्यासाठी नोझावाना या पालेभाजीचे खारे लोणचे पिंपांत भरून ठेवत आणि पाहुण्याला चहाबरोबरही तेच देत. साकू येथील रुग्णालयात १९४५ मध्ये आलेले डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव तपासण्या केल्या आणि रात्री नाटके करून लोकांना रोगांची माहिती दिली. १९५९ मध्ये याचिहो गावात सर्व रहिवाशांची वार्षिक तपासणी सुरू झाली. या कामासाठी वाकात्सुकींना १९७६ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या स्वयंसेविका घरोघर जाऊन मिसो सूपचा खारटपणा मोजत. शेजारणीच्या स्वयंपाकात मीठ जास्त पडते हे तिच्या तोंडावर सांगणे सोपे नसावे, पण मोहीम टिकली. १९९० मध्ये नागानोचे पुरुष व २०१० मध्ये स्त्रियाही आयुर्मानात देशात पहिल्या आल्या.

व्यायाम व स्नान : सकाळी साडेसहाला आकाशवाणीवरील पियानोच्या तालावर करायचा ‘राजिओ ताइसो’ हा व्यायाम १ नोव्हेंबर १९२८ रोजी टपाल विमा खात्याच्या पुढाकाराने सुरू झाला, कल्पना अमेरिकी विमा कंपनीची. युद्धानंतर बंद पडून १९५१ मध्ये तो नव्या रूपात परतला. सुट्टीत मुले मैदानावर हजेरीच्या कार्डावर शिक्का घेण्यासाठी येतात. रोज दहा हजार पावलांचा दंडक १९६५ च्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून, तर ‘वनस्नान’ (जंगलात निवांत वावरणे) हा शब्द १९८२ मध्ये वनखात्यातून आला. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसण्याची प्रथा मात्र खरोखर जुनी आहे. थंड न्हाणीघरातून कढत पाण्यात शिरताना वृद्ध दगावतात, म्हणून त्याबाबत इशारेही दिले जातात.

सामाजिक प्रथा : ओकिनावातील ‘मोआई’ हे आपल्या भिशीसारखे मंडळ. सभासद ठरलेली रक्कम जमवून पाळीपाळीने एकेकाला देतात आणि त्या निमित्ताने आयुष्यभर भेटत राहतात. ‘इकिगाई’ (जगण्याचे प्रयोजन) या संकल्पनेचा गंभीर विचार १९६६ मध्ये मिएको कामिया यांनी ग्रंथरूपाने मांडला. त्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या यशाच्या पुस्तिकांशी त्यांच्या विवेचनाचा संबंध पातळच आहे.

ऱ्हास : १९७२ पर्यंत अमेरिकी ताब्यात राहिलेल्या ओकिनावात डबाबंद मांस व झटपट खाणे लवकर रुजले, रेल्वे युद्धात नष्ट झाल्याने प्रवास मोटारीवर आला. १९८५ मध्ये पुरुषांच्या आयुर्मानात पहिला असलेला हा प्रांत २००० मध्ये ४७ प्रांतांत २६ वा ठरला, आणि २०२० मध्ये ४३ वा.