गर्भिणीचे दूध आणि बाळंतिणीचा काढा



काढा झाडपाल्याचा, त्याने अपाय कसा होईल, असे हल्ली सर्रास ऐकू येते. आपल्या जुन्या बायका तसे मानीत नसत. त्यांच्या लेखी गर्भिणी वेगळी आणि बाळंतीण वेगळी. दशमुळांचा बाळंतकाढा दुकानात नंबर १, २, ३ असा मिळतो. तो ओळीने दहा-दहा दिवस द्यावयाचा, पण बाळंतपणानंतर. सुंठ, पिंपळमूळ, बाळंतशेपा हा सारा थाट बाजेवरचा. पोटुशीपुढे यायचे ते दूध.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिन्यागणिक हेच आहे : पहिल्या महिन्यात साधे गार दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेले, चौथ्यात लोण्यासह. गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्याप्रमाणे जपावे, औषध द्यावे ते सौम्य व गोड, असेही तेथे सांगितले आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचाच. त्यांचे स्वतःचे बाळ अवघे दहा दिवस जगले होते. हा विषय त्यांनी का घेतला असेल, हे आपणा बायकांना निराळे सांगावयास नको.

आता अडुळशाचे. आपल्या वाशीमकडे तो कुंपणाला असतो, आणि खोकल्याला औषध म्हणून उत्तमच. पण त्याच्या पानांत वासिसीन नावाचे द्रव्य आहे, त्याने गर्भाशय आकुंचन पावतो. म्हणून गर्भारपणी तो वर्ज्य. ज्येष्ठमधाचेही तसेच. फिनलंड देशात त्याची मिठाई फार खातात. तेथे २००१ च्या सुमारास असे आढळले की, ती भरपूर खाणाऱ्या बायका दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाण अधिक होते.

२०२० साली करोना आला. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घेण्यास सुचविले. घरोघरी मात्र पातेले गॅसवरून उतरेना, आणि ज्याला जे सुचेल ते त्यात पडे! आमच्या शेजारी सुनेला पाचवा महिना होता. तिच्यासाठी कोणी अडुळसा तोडायला निघाले, तर ऐंशीच्या घरातील आजेसासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "तिले नको. बाळंत झाल्यावर पाहू." त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या.

मळमळीवर आल्याचा लहानसा तुकडा चालतो, त्याला डॉक्टरही सहसा नाही म्हणत नाहीत. आशाताई गोळ्यांची चौकशी करावयास येतात, तेव्हा पातेल्यात काय काय घातले तेही त्यांना सांगावे.